आयर्लंडमधलं मूळ गाव शोधायचंय? मग आधी इंग्लंडमध्येच थांबा

नमस्कार मंडळी! मँचेस्टर, लीड्स, न्यूकॅसल या भागात आपली बरीच माणसं आता कायमची राहतात. कुणाची सून तिथली, कुणाचा जावई तिथला. आडनाव केली, बर्क नाहीतर गॅलहर. घरातली वडीलधारी सांगतात, "आमचे पूर्वज दुष्काळात आयर्लंडहून आले." कुठल्या गावाहून, असं विचारलं की मात्र सगळे एकमेकांकडे बघतात. आज तेच गाव कसं शोधायचं ते सांगतो.

पहिला प्रश्न हमखास येतो: जहाजाची प्रवासी यादी कुठे मिळेल? नाही मिळणार. १८०१ पासून आयर्लंड ब्रिटनशी एकाच राज्यात जोडलेलं होतं. त्यामुळे डब्लिनहून लिव्हरपूलला जाणं हा देशातल्या देशातला प्रवास होता. अमेरिकेत उतरलेल्यांची नावं याद्यांमध्ये सापडतात, लिव्हरपूलला उतरलेल्यांची नाहीत. आणि गर्दी तरी केवढी! बटाट्याचं पीक गेल्यानंतर, एकट्या १८४७ साली सुमारे ३ लाख आयरिश माणसं लिव्हरपूल बंदरात उतरली. शहराची स्वतःची लोकसंख्या तेव्हा साधारण तेवढीच होती. बरेच जण तिथूनच अमेरिकेचं जहाज पकडून गेले. ज्यांच्याकडे पुढचं भाडं नव्हतं ते लिव्हरपूलमध्ये राहिले, नाहीतर पायी लँकेशायर-यॉर्कशायरच्या गिरणीगावांकडे वळले.

हा प्रवास किती भयंकर असू शकत होता, ते ऐका. डिसेंबर १८४८ मध्ये 'लंडनडेरी' नावाची आगबोट आयर्लंडमधल्या स्लायगोहून लिव्हरपूलला निघाली. वादळ आलं तेव्हा खलाशांनी डेकवरच्या गरीब उतारूंना खालच्या अरुंद खोलीत कोंडलं आणि वरचं दार बंद करून ताडपत्री ठोकली. ७२ माणसं गुदमरून मेली. बोट डेरी बंदरात शिरली तेव्हा कुठे हे बाहेर आलं. माणसांची वाहतूक ज्या बेपर्वाईने व्हायची, त्यात नावांची नोंद कोण ठेवणार?

यादी मिळत नाही म्हटल्यावर लोक थेट आयर्लंडच्या वेबसाइटवर जातात, 'पॅट्रिक केली' टाइप करतात, समोर ढीगभर पॅट्रिक केली येतात, आणि त्यातला एक बरा वाटणारा निवडून आपल्या वंशवृक्षात बसवतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. कुणातरी परक्याच्या आजोबांना आपले म्हणून पुढच्या पिढ्या सांगत राहतात. घोडं पेंड खातं ते इथेच. गावाचं, निदान परगण्याचं नाव हातात आल्याशिवाय आयर्लंडच्या दप्तराला हात लावू नका.

कारण ते दप्तरच फाटकं आहे. ३० जून १९२२ ला, आयर्लंडच्या यादवी युद्धात, डब्लिनच्या 'फोर कोर्ट्स' या न्यायालयाच्या आवारातला सरकारी दप्तरखाना स्फोटात आणि आगीत गेला. १८२१ ते १८५१ च्या जनगणना बहुतेक सगळ्या तिथेच जळाल्या. १८६१ आणि १८७१ च्या जनगणना सरकारने आधीच नष्ट केल्या होत्या आणि १८८१, १८९१ चे कागद पहिल्या महायुद्धात लगद्याला गेले. पूर्ण शिल्लक आहेत त्या १९०१ पासूनच्या. जन्म, मृत्यू आणि कॅथलिक लग्नांची सरकारी नोंदणीसुद्धा तिथे १८६४ लाच सुरू झाली. इंग्लंडमध्ये ती १ जुलै १८३७ पासून आहे. म्हणजे १८४७ ला बोट पकडणाऱ्या माणसाबद्दल त्याच्या मायदेशापेक्षा इंग्लंडच बरंच जास्त सांगू शकतं.

तर इंग्लंडमधल्या जनगणनेपासून सुरुवात करा. १८४१ च्या यादीत जन्मस्थळाच्या रकान्यात नुसतं इंग्रजी 'आय' हे अक्षर दिसेल, म्हणजे आयर्लंड. त्यात मोठ्या माणसांची वयंही पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेली आहेत, त्यामुळे पस्तीस दिसला तर तो एकोणचाळीसचाही असू शकतो. १८५१ पासून अख्खं 'आयर्लंड' लिहिलंय, कारण गणना करणाऱ्याला तेवढंच लिहायची सूचना होती. पण काही कारकुनांनी सूचना बाजूला ठेवून 'मेयो' किंवा 'रॉसकॉमन' असं परगण्याचं नाव लिहून टाकलं. त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडेच! म्हणून एकच जनगणना बघून थांबू नका. प्रत्येक दहा वर्षांची बघा, आणि फक्त आपल्या पणजोबांची नको. त्यांचे भाऊ, बहिणी, मेहुणे, घरातले भाडेकरू, शेजारचं बिऱ्हाड, सगळे तपासा. १९११ च्या अर्जात तर परगणा आणि गाव दोन्ही विचारलेलं आहे आणि तो अर्ज कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेला असतो. पणजोबा १८९० ला वारले असतील, पण त्यांची धाकटी बहीण १९११ ला जिवंत असेल, तर गाव तिच्या घरच्या कागदावर सापडेल.

शेजाऱ्यांवर मी एवढा भर का देतो, ते मायकल डेव्हिटच्या घराण्यावरून कळेल. आयर्लंडच्या शेतकऱ्यांसाठी १८७९ मध्ये लँड लीग उभी करणारा हा माणूस. जन्म १८४६, मेयो परगण्यातलं स्ट्रेड गाव. १८५० ला जमीनदाराने कुटुंबाला घराबाहेर काढलं. ते स्विनफर्डच्या 'वर्कहाऊस'मध्ये, म्हणजे कामाच्या बदल्यात गरिबांना आसरा देणाऱ्या सरकारी घरात, गेले. तिथे तीन वर्षांपेक्षा मोठ्या मुलाला आईपासून वेगळं ठेवायचा नियम होता. आईने ते ऐकलं आणि पोरांना घेऊन तिथून निघाली. पुढे लिव्हरपूल, आणि तिथून लँकेशायरमधलं हॅसलिंगडन. हॅसलिंगडनच का? कारण तिथे आधीच मेयोची माणसं होती. छोट्या मायकलच्या घरात बोली आयरिशच राहिली. अकराव्या वर्षी गिरणीतल्या यंत्रात त्याचा उजवा हात गेला. या कुटुंबासारखीच माणसं गावकऱ्यांच्या मागोमाग जायची. आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातली मंडळी वायव्य इंग्लंडमधल्या व्हाइटहेवन बंदरात उतरून जवळच्या क्लीटर मूरच्या लोखंडाच्या खाणींकडे जात आणि त्या गावाला 'छोटं आयर्लंड' हे नावच पडलं. त्यामुळे तुमच्या गल्लीतल्या चार शेजाऱ्यांचा परगणा एकच निघाला, तर तुमचाही बहुधा तोच. हा पुरावा नव्हे, पण शोधाला दिशा मिळते.

आता माझा सगळ्यात आवडता कागद: कॅथलिक चर्चची लग्नाची नोंदवही.

[स्क्रीनवर जुन्या नोंदवहीचं नमुना पान]

त्या काळच्या लग्नाच्या सरकारी दाखल्यावर फक्त वर-वधूच्या वडिलांची नावं आणि धंदा असतो, आया गायब. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या कॅथलिक वह्यांत बऱ्याचदा दोघांच्याही आयांची नावं मिळतात, तीही लॅटिनमध्ये. जेकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम, ब्रिजिडा म्हणजे ब्रिजेट. आईच्या नावापुढे 'ऑलिम' असा शब्द दिसला, तर त्याच्या पुढचं आडनाव तिच्या माहेरचं. तेवढं मिळालं की ढीगभर पॅट्रिक केलींमधून नेमका आपला वेगळा काढता येतो. बाप्तिस्म्याच्या नोंदीतले धर्मपिता-धर्ममाताही बघा, ती बहुतेक वेळा नात्यातली किंवा गावातलीच असतात. लँकेशायरच्या पुष्कळ चर्चच्या नोंदी स्वयंसेवकांनी उतरवून 'लँकेशायर ऑनलाइन पॅरिश क्लार्क्स' या साइटवर फुकट ठेवल्या आहेत. १८३७ च्या आधीचं लग्न असेल तर मात्र अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या वह्या उघडा. कायद्याने तेव्हा तिथेच लग्न लावावं लागे, माणूस कॅथलिक असला तरी.

पूर्वज अगदी हलाखीत होते, असं घरी ऐकलं असेल, तर गरिबांच्या मदतीचे कागद चाळा. मदत मागितली की अधिकारी चौकशी करायचे आणि जो इथला नाही त्याला परत आयर्लंडला धाडायचे. १८४७ मध्ये लिव्हरपूलहून असे सुमारे १५,००० जण परत पाठवले गेले. हे वाचताना पोटात कालवतं. पण त्या चौकशीत काही वेळा माणसाचं मूळ गाव नोंदलं गेलं. तसंच कुणी ब्रिटिश लष्करात होतं का ते विचारा. पेन्शन घेऊन सुटलेल्या सैनिकांच्या कागदांवर जन्माचं पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, लिहिलेलं असतं.

पॅरिश सापडलं? आता खुशाल आयर्लंडला चला. कॅथलिक नोंदवह्यांच्या पानांची छायाचित्रं आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीने २०१५ पासून सगळ्यांसाठी फुकट ठेवली आहेत. समासावरही नजर टाका. १९०८ नंतर कुणाचं लग्न झालं, तर लग्न लावणाऱ्या चर्चने बाप्तिस्म्याच्या पॅरिशला कळवायचं असा नियम आला. त्यामुळे मेयोतल्या १८८० च्या सुमाराच्या बाप्तिस्म्याशेजारी, बारीक अक्षरात, लीड्समधल्या लग्नाची तारीख लिहिलेली सापडू शकते. तशी सापडली, तर माणूस तोच, यात शंका उरत नाही.

'ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन' हे १८४७ ते १८६४ मधलं जमिनीचं मूल्यमापनही बघा, पण एक लक्षात घ्या. आधीच देश सोडलेल्याचं नाव त्यात नसणार. मागे राहिलेला भाऊ किंवा चुलता शोधायला ते कामाचं.

तुमच्या घरातलं आयरिश आडनाव आणि इंग्लंडमधलं गाव खाली लिहा. लॅटिन पान अडलं असेल तर तेही सांगा, पुढच्या व्हिडिओत अशी पानंच वाचायला घेऊ.