फौजदारी न्यायावरचा टर्म पेपर: प्रश्न कसा ठरवावा, कागद कसा वाचावा

नमस्कार. नागपुरात विधी, गुन्हेशास्त्र किंवा न्यायसहायक विज्ञान शिकणाऱ्या आणि सत्र संपत आले की टर्म पेपरच्या विषयासाठी धावाधाव करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा व्हिडिओ आहे. माझे म्हणणे आधीच सांगते. फौजदारी न्यायावरचा पेपर सहसा भाषेमुळे पडत नाही. लिहिणाऱ्याने निकालपत्र, कलम किंवा आकड्यांचा तक्ता स्वतः उघडून पाहिलेला नसतो आणि त्याबद्दल इतरांनी काय लिहिले तेवढेच पुढे सरकवलेले असते, म्हणून तो पडतो.

‘तुरुंगातील कच्चे कैदी’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न हवा असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 479 समोर घ्या आणि उपकलमांसह वाचा. यापूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल तर न्यायालयाने त्याला बंधपत्रावर सोडावे, असे हे कलम सांगते; जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 436-अ मध्ये ही मुदत निम्म्या शिक्षेची होती. मात्र लगेच खालचे उपकलम सांगते की आरोपीविरुद्ध एकापेक्षा अधिक गुन्ह्यांचा तपास किंवा एकापेक्षा अधिक खटले प्रलंबित असतील तर ही सुटका मिळणार नाही. पहिल्या उपकलमाने दिलेला लाभ दुसरे उपकलम नेमका कोणत्या कैद्यांकडून काढून घेते, हा झाला प्रश्न. त्याचे उत्तर पंधरा पानांत देता येते, आणि ते चुकले तर कुठे चुकले हेही परीक्षकाला दाखवता येते.

आता विदर्भातलाच एक खटला जरा सावकाश पाहू, कारण त्याच्यावर दरवर्षी पेपर लिहिले जातात आणि त्यांतले बरेचसे एकाच वाक्यात आटोपतात. खटल्याचे नाव तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. घटना 1972 मधली, देसाईगंज पोलीस ठाण्यातली. तेव्हा हे गाव चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज ते गडचिरोलीत आहे. एका आदिवासी मुलीवर ठाण्याच्या आवारात अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर होता. सत्र न्यायालयाने 1974 मध्ये दोघांना निर्दोष सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये त्यांना दोषी ठरवले, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये पुन्हा निर्दोष सोडले. पुढच्या वर्षी विधीच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन उभे राहिले आणि 1983 मध्ये कायदा बदलला.

बहुतेक पेपर इथेच थांबतात, आणि खरे काम इथूनच सुरू होते. पुरावा तोच असताना दोन न्यायालये वेगळ्या निष्कर्षांवर का आली? भीतीपोटी शरीराने विरोध सोडणे म्हणजे संमती नव्हे, असे नागपूर खंडपीठाने मानले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र अंगावर जखमा नसण्याला आणि तिने आरडाओरडा केल्याचे सिद्ध न होण्याला वजन दिले. म्हणजे वाद घटनाक्रमापेक्षा अधिक संमती कशावरून ओळखायची याचा होता. मग 1983 च्या दुरुस्तीने पुरावा अधिनियमात आलेले कलम 114-अ वाचा: कोठडीतील बलात्कारासारख्या ठरावीक प्रकरणांत शरीरसंबंध सिद्ध झाला आणि आपली संमती नव्हती असे पीडितेने न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरायचे. ही तरतूद आज भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 120 मध्ये आहे. या गृहीतकाने 1978 च्या निकालातला कोणता दुवा तुटतो आणि कोणता तसाच राहतो, हे दाखवणारा पेपर मला मनापासून वाचावासा वाटतो, कारण त्यात विद्यार्थ्याने स्वतः केलेला विचार दिसतो.

आकडेवारीबाबत विद्यार्थी फारच भोळे असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात महानगरांच्या तक्त्यात नागपूर असते, आणि तिथला दर लाख लोकसंख्येमागचा आकडा उचलून शहर किती असुरक्षित झाले ते लिहिले जाते. तळटीप पाहा. शहरांचे दर काढताना अनेक वर्षांच्या अहवालांत 2011 च्या जनगणनेचीच लोकसंख्या, म्हणजे नागपूरसाठी सुमारे 25 लाख, धरलेली आहे. शहर वाढले, भाजक तोच राहिला, त्यामुळे दर फुगतो. शिवाय एका एफआयआरमध्ये अनेक कलमे असली तरी त्यातला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. जबरी चोरी करताना खून झाला तर तो खुनात जातो, चोरीच्या रकान्यात दिसत नाही. गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा इशारा खुद्द विभागच देतो. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 मध्ये दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक ठरवली. त्यामुळे त्यानंतरच्या वाढीचा अर्थ लावताना हा निकाल डोळ्यांआड करून चालत नाही.

नव्या कायद्यांविषयी थोडक्यात. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला जुन्या भारतीय दंड संहितेचीच कलमे लागतात. म्हणून पेपरात आधी गुन्ह्याची तारीख लिहा, मग कलम. खुनाचे 302 आता 103 झाले आहे. हिसकावून केलेल्या चोरीला कलम 304 मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले आहे, त्यामुळे सोनसाखळी चोरीचे जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवून वाढ किंवा घट सांगता येणार नाही.

निकालपत्रे उच्च न्यायालयाच्या आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात, तेव्हा वर्तमानपत्राच्या बातमीवरून निकाल उद्धृत करण्याचे काहीच कारण उरत नाही. सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात एक दिवस बसून साक्ष आणि उलटतपासणी ऐका. फौजदारी खटले सामान्यतः खुल्या न्यायालयातच चालतात. पंचनाम्यावर पंचाची उलटतपासणी ऐकलेला विद्यार्थी ‘पुराव्यात त्रुटी होत्या’ असे मोघम लिहून थांबत नाही. सही कोणी केली, मुद्देमालाला सील केव्हा लागले, तो प्रयोगशाळेत किती दिवसांनी पोहोचला, हे तो विचारू लागतो.

आणि लैंगिक अत्याचाराच्या खटल्यावर लिहिताना पीडितेचे नाव, गाव किंवा नात्यागोत्याचा तपशील देऊ नका. न्याय संहितेच्या कलम 72 नुसार ओळख उघड करून ती छापणे हा गुन्हा आहे. देसाईगंजचा खटला आजही अनेक जण त्या मुलीच्या नावाने ओळखतात. तुमच्या पेपरात मात्र अधिकृत शीर्षक वापरा, आणि मजकुरात ‘फिर्यादी मुलगी’ एवढे लिहिले की पुरते.