लासलगावचा कांदा आणि मायापुरीचं भंगार

श्रोतेहो, नमस्कार.

किरणोत्सर्ग म्हटलं की हिरोशिमा आठवतं, चेर्नोबिल आठवतं. मी मात्र सुरुवात कांद्यापासून करणार आहे.

चाळीत भरलेला उन्हाळी कांदा पावसाळा सरता सरता कोंब धरतो, आणि शेतकऱ्याची मेहनत उकिरड्यावर जाते. म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली लासलगावला 'कृषक' हे विकिरण केंद्र उभारलं. तिथे जाड काँक्रीटच्या भिंतींआड कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी धातू ठेवलेला असतो. त्याचे गॅमा किरण कांद्यातून आरपार जातात आणि कोंब फुटण्याची जागाच निकामी करतात. कांदा स्वतः किरणोत्सर्गी होत नाही. तेवढी ताकद त्या किरणांत नसते. आपला हापूसही २००७ साली याच केंद्रातून विकिरण करून अमेरिकेला गेला. कोयीतला भुंगा तिकडे पोचू नये, ही त्यांची अट होती.

आणि किरणोत्सर्ग काही भिंतींआडच असतो असं नाही. तो जमिनीतून येतो, आकाशातून येतो, घरातल्या हवेतल्या रेडॉन वायूतून येतो. जगात सरासरी माणशी वर्षाला साधारण २.४ मिलिसीव्हर्ट. मिलिसीव्हर्ट म्हणजे शरीराला लागलेला किरणोत्सर्ग मोजायचं माप. छातीच्या एका एक्स-रेचा असतो साधारण ०.१. केरळच्या करुणागपल्ली किनाऱ्यावर वाळूतच थोरियम हा किरणोत्सर्गी धातू आहे, तिथे पिढ्यान्‌पिढ्या लोक राहतात. इतकंच काय, आत्ता रेडिओ ऐकताना तुमच्या शरीरातल्या पोटॅशियमचे ४,००० हून जास्त अणू दर सेकंदाला फुटताहेत. केळी, बटाटे, डाळी यांतूनच तो पोटॅशियम आपल्यात येतो.

मग धोका कुठे आहे? मला विचाराल तर बेवारशीपणात.

२०१० साली दिल्लीच्या मायापुरीत काय झालं बघा. प्रयोगशाळेतलं एक जुनं यंत्र, १९८५ पासून वापराविना पडलेलं, लिलावात भंगारवाल्यांकडे गेलं. आत कोबाल्ट-६० होतं. कामगारांनी ते हातांनी फोडलं. कुणाचे हात भाजल्यासारखे झाले, कुणाचे केस गेले, उलट्या सुरू झाल्या, आणि त्यांतला एक जण दगावला. कोबाल्टचा जोर दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो. म्हणजे २५ वर्षांत तो पंचविसाव्या हिश्श्याच्याही खाली आला होता, तरी माणूस गेला! जो कोबाल्ट लासलगावला कांदा राखतो, ज्याने इस्पितळात कर्करोगाच्या गाठी जाळतात, तोच हा. त्या कामगारांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला याचा आजही संताप येतो.

म्हणून भंगाराच्या धंद्यातल्या माझ्या भावांनो, पिवळ्या पाटीवर पंख्यासारखी तीन पाती दिसली, किंवा आकाराच्या मानाने फारच जड असं शिशाचं भांडं हाती आलं, तर घण घालू नका. खिशात टाकू नका, घरी नेऊ नका. तिथेच ठेवा, चार माणसांना लांब करा आणि पोलिसांना फोन लावा.

नमस्कार.