आज बसायचं का?

संध्याकाळचे पावणेसात. पुण्यातली महापालिकेची एक शाळा, कुठली ते सांगणार नाही, का ते पुढे कळेलच. मुलं कधीच घरी गेलीयेत पण वरच्या मजल्यावर तिसरीच्या वर्गात लाइट चालू आहे, आणि गेटसमोरच्या टपरीपाशी एक माणूस वीस मिनिटं झाली नुसता उभा आहे. चहा नाही, सिगरेट नाही. मोबाइल काढतो, बघतो, परत खिशात टाकतो.

आपल्याकडे 'आज बसायचं का' म्हटलं की काय घेऊन बसायचं ते वेगळं सांगावं लागत नाही. पगार झाला, बसू. पगार कापला, बसू. गटारीला तर बसायचंच, नाहीतर पोरं काय म्हणतील. ह्या माणसाची बसायची वेळ सातचीच, कित्येक वर्षं, आणि आजपण तो सातलाच बसायला आलाय, फक्त जिना चढवत नाहीये.

मीटिंगचा पत्ता शोधायला त्याला पाच मिनिटं लागली. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचे गट, बोलताना सगळे नुसतं 'एए' म्हणतात, त्यांच्या हेल्पलाइनवर फोन केला की तुमच्या भागात कुठल्या वारी कुठे मीटिंग असते ते सांगतात, सांगणारा स्वतःच कधीकाळचा पिणारा असतो. सरकारची १४४४६ ही टोल फ्री लाइन आहे. शिवाय पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ साली अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं, पुलं आणि सुनीताबाईंच्या मदतीने. तिथून उपचार घेऊन बाहेर पडलेल्यांच्या पाठपुराव्याच्या मीटिंगा होतात, आणि बायकांसाठी 'सहचरी' गट आहे, कारण घरात एक पितो पण चढते सगळ्यांना.

गंमत म्हणजे एए सुरूच झालं ते अशा शोधाशोधीतून. १९३५, अमेरिकेतलं ॲक्रन गाव. काही महिन्यांपूर्वी दारू सोडलेला एक शेअर दलाल कामासाठी आलेला, काम फिसकटलं, हॉटेलात एकटा, आणि बारमधून हसण्याबोलण्याचे आवाज. त्याला कळलं की आता आपण जाणार. म्हणून त्याने लॉबीतल्या फोनवरून चर्चवाल्यांना फोन लावायला सुरुवात केली, की मला एखादा दारुडा गाठून द्या, बोलायचंय. मिळाला तो एक सर्जन, तोही पिणारा. दोघं बोलत बसले ते तासन् तास. भारतात एए आलं १९५७ मध्ये.

परत आपल्या माणसाकडे. हा राहतो हडपसरला, आणि मीटिंग निवडली शहराच्या दुसऱ्या टोकाची. दोन बस बदलून. असं बरेच जण करतात म्हणे, सुरुवातीला जितकं लांब तितकं बरं, कॉलनीतलं कोणी बघायला नको. (बारमध्ये शिरताना हा विचार कधी आला नव्हता, असं तो स्वतःच म्हणाला.)

एक गोष्ट मात्र त्याने आधी केली ते फार बरं केलं, डॉक्टरला विचारलं. मागच्या वेळी देवाची शपथ घेऊन एका दिवसात बंद केली होती, दुसऱ्या रात्री हात थरथरायला लागले, भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, मग फिट आली. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं. गट म्हणजे हॉस्पिटल नव्हे, ते काम डॉक्टरचं.

कॅमेरा आम्ही वर नेला नाही. सिनेमात, पेपरात कोणाचा चेहरा किंवा पूर्ण नाव द्यायचं नाही, ही त्यांची परंपरा. म्हणून तुम्हाला फक्त जिना दिसतोय. ओपन मीटिंग होती, म्हणजे बाहेरच्यांनाही बसता येतं अशी, म्हणून मला बसू दिलं. बाक तिसरीच्या पोरांचे, गुडघे कुठे घालावेत कळत नाही, पोटं सुटलेली मोठी माणसं तिरकी होऊन बसलेली. फळ्यावर सातचा पाढा तसाच, कोणी पुसला नाही. मला वाटलेलं भाषण असेल, कीर्तन असेल, तसं काही नाही. एकेक जण उठतो, नाव सांगतो, मी अल्कोहोलिक म्हणतो आणि आपलं सांगतो. मुलीच्या लग्नात पडलो. पीएफ संपवला. मधे कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल त्याने दहा-वीस टाकायचे, बाहेरची देणगी घेत नाहीत. नव्याने आलेल्याने टाकले नाहीत तरी चालतं.

आपला माणूस सव्वासातला वर आला. दारात थांबला. जवळच्या बाकावरचे एक काका काही न बोलता जरा सरकले, इतकंच. तो बसला. बोलला नाही काही, पण शेवटपर्यंत बसला.

नंतर चहा झाला, स्टीलच्या ग्लासात, अति गोड. बाक सरळ करताना त्याने काकांना हळूच विचारलं, "शुक्रवारी पण बसता का?"

"इथे नाही हो. हडपसरला असते ना शुक्रवारी. तुम्ही राहता कुठे?"

तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "तिकडेच."

"मग या की चालत," काका म्हणाले आणि लाइट बंद करायला गेले.