घाणेरीच्या फुलात वाढणारा पतंग

नमस्कार मंडळी! आज मी रत्नागिरीजवळच्या सड्यावर आहे, आणि गडग्याला लागून ही सगळी घाणेरी माजली आहे. कुणी हिला टणटणीही म्हणतं. पण मला दाखवायचाय तो तिच्या आश्रयाने राहणारा एक इवलासा पतंग.

हा बघा, पानाखाली. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम सेंटिमीटरभर. अंग उभं, पंख दोन्हीकडे आडवे ताणलेले, अगदी इंग्रजी ‘टी’ अक्षर. म्हणूनच पुष्कळजण डास समजून झटकून टाकतात. हा प्लूम मॉथ आहे. याचा पुढचा पंख दोन फाट्यांत चिरलेला असतो, मागचा तीन, आणि प्रत्येक फाट्याला केसांची नाजूक झालर. किती देखणा आहे! शास्त्रीय नाव लँटानोफॅगा पुसिलिडॅक्टायला.

आता फुलांचा गुच्छ जवळून बघूया. मधली पिवळी फुलं ताजी आहेत, कडेची लालसर झालेली आधी उमललेली. यातलं कोमेजलेलं एक फूल अलगद ओढून काढा आणि तळाशी बघा. तिथे पोखरल्याची खूण दिसली, तर अळी आसपासच असणार. ती फुलांच्या बुडाशी कुरतडत एका फुलातून दुसऱ्यात जाते. असं बूड खाल्लेलं फूल बहुतेक वेळा फळ धरत नाही.

याच गुणासाठी 1902 साली हा पतंग मेक्सिकोहून हवाईला नेला होता. तिथे कुरणांत घाणेरीने धुमाकूळ घातला होता. बी थोडंफार कमी झालं, घाणेरी काही हटली नाही. हटणार कशी? फुलोरा जवळजवळ वर्षभर चालू, पिकलेली काळी फळं बुलबुल खातात आणि बी लांबवर टाकतात. वरून कोयत्याने छाटली तर बुंध्यातून पुन्हा धुमारे.

आंबा-काजूवाल्यांनी निर्धास्त राहावं. ही अळी तुमच्या मोहराला तोंड लावत नाही, तिच्यासाठी औषध फवारू नका. आणि घाणेरी काढायचीच असेल, तर जमिनीच्या थोडं खाली खणून मूळ तोडा, झुडूप उलटं करून वाळू द्या. हे काम फळं काळी पडायच्या आधी उरका.