मुक्कामाचा पुरावा

नागपूरचा जरीपटका. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या कुटुंबांची आता तिसरी-चौथी पिढी इथे दुकानं चालवते. पण याच गल्ल्यांत असेही शेजारी आहेत, जे बऱ्याच उशिरा निघाले. पाकिस्तानी पासपोर्टवर भारताचा व्हिसा घेऊन आले आणि इथेच राहिले.

घरभाडं भरलं, मुलं शाळेत घातली, लग्नं लावली. कायद्याचं एवढ्याने भागत नाही. तो विचारतो: राहिलात खरे, पण परवानगीने राहिलात का?

नागरिकत्व कायदा 1955चा. त्याचा हिशेब असा: अर्जाच्या आधीचे सलग 12 महिने भारतात हवेत, आणि त्याआधीच्या 14 वर्षांतली मिळून 11 वर्षं. 2003च्या दुरुस्तीने त्यात मेख मारली. कागदपत्रांशिवाय आलेला, किंवा मुदत उलटल्यावरही राहिलेला माणूस बेकायदा स्थलांतरित ठरला. त्याला अर्जाचीच वाट बंद. म्हणून दीर्घ मुदतीच्या व्हिसाला, म्हणजे 'एलटीव्ही'ला, इथे एवढं मोल. त्याची तारीख घरात सगळ्यांना तोंडपाठ असते.

तिढा पासपोर्टचाही होता. नागरिकत्वाच्या अर्जाला चालू पासपोर्ट मागत. तो संपला, की दिल्लीतल्या पाकिस्तानच्या उच्चायुक्तालयात खेटे. ज्या देशाचं नागरिकत्व सोडायचं, त्याच देशाकडे आधी पैसे भरून ते ताजं करून घ्यायचं!

मग 2019ची दुरुस्ती आली, आणि 11 मार्च 2024 रोजी तिचे नियम. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून 31 डिसेंबर 2014पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठी 11 वर्षांची अट 5वर आली. त्याहून मोठा बदल पुराव्यात झाला. 'तेव्हा भारतात होतो' हे दाखवायला व्हिसाच हवा असं राहिलं नाही. रेशन कार्ड, विजेचं बिल, विम्याची पॉलिसी, भाडेकरार, शाळा सोडल्याचा दाखला, असे 20 प्रकारचे कागद यादीत आले. मुदत संपलेलेही चालतात. जुनी बिलं रद्दीत न घालणाऱ्यांचं फावलं.

अर्ज ऑनलाइन. कागद तपासणाऱ्या जिल्हा समितीचे प्रमुख मात्र टपाल खात्याचे अधीक्षक. निष्ठेची शपथही त्यांच्यासमोरच. कोण कुठे राहतं हे पोस्टाइतकं कोणाला ठाऊक, असं म्हणायला हरकत नाही. अंतिम निर्णय राज्य पातळीवरच्या समितीचा. तिचे अध्यक्ष जनगणना संचालक. पहिली 14 प्रमाणपत्रं 15 मे 2024 रोजी दिल्लीत दिली गेली.

पण जानेवारी 2015मध्ये सीमा ओलांडलेल्याला हा रस्ता नाही. त्याच पाकिस्तानात छळ सोसलेल्या अहमदिया पंथाच्या मुसलमानालाही नाही. त्यांच्यासाठी जुनीच 11 वर्षं आणि जुनेच कागद. धर्मावरून केलेल्या या भेदाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे.

आणि ज्यांना रस्ता आहे, त्यांच्यातही बायकांची अडचण वेगळी. भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, विजेचं मीटर घरमालकाच्या. विवाह नोंदणीचा दाखला चालतो. पण समाजाच्या हॉलमध्ये लागलेलं लग्न महापालिकेत नोंदवायला तेव्हा कोण गेलं होतं?