६५० टीआय की ७५० टीआय?

(परभणीत संगणक दुरुस्ती शिकणाऱ्या तरुणांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं आटोपशीर करून.)

मंडळी, एवढं जुनं सामान आज बाहेर का काढलं, असं तुम्हाला वाटत असेल. काढलं, कारण आपल्याकडे हेच फिरतंय. मोठ्या शहरांतल्या कंपन्यांनी मोडीत काढलेले ऑफिसचे पीसी नांदेड-परभणी-बीडच्या बाजारात येतात. लग्नाचं मिक्सिंग करणारा, फ्लेक्सवाला, ऑटोकॅडवर प्लॅन काढणारा ते घेतो आणि आठ दिवसांनी तुमच्या काउंटरवर येऊन विचारतो, "भाऊ, यात ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारं कार्ड) कोणतं बसंल?"

तर दोन कार्डं घेऊ, दोन्ही एनव्हिडियाची. जीटीएक्स ६५० टीआय ऑक्टोबर २०१२ मध्ये आलं, ते केप्लर पिढीचं, म्हणजे त्या रचनेच्या चिपचं. जीटीएक्स ७५० टीआय फेब्रुवारी २०१४ मधलं, मॅक्सवेल पिढीचं. गिऱ्हाईक आधी कोअर, म्हणजे चिपमधले हिशेब करणारे छोटे भाग, किती ते विचारतं. ६५० टीआयला ७६८, ७५० टीआयला ६४०. मेमरी बस, म्हणजे चिप आणि मेमरी यांमधला रस्ता, दोन्हींची १२८ बिट; बँडविड्थ, म्हणजे त्यावरून जाणारा डेटा, दोन्हींची सेकंदाला ८६.४ जीबी, तंतोतंत सारखी. कोअरची संख्या, घड्याळाचा (क्लॉकचा) वेग आणि दर ठोक्याला दोन क्रिया यांचा गुणाकार केला तर जुनं कार्ड १.४३ टेराफ्लॉप्स (सेकंदाला लाख कोटी हिशेब म्हणजे एक टेराफ्लॉप) आणि नवं १.३१ भरतं. चित्रावर पोत चढवणारी टेक्स्चर युनिटं जुन्यात ६४, नव्यात ४०. म्हणजे कागदावर जुनंच सरस. आणि खेळ लावला, की बहुतेक वेळा ७५० टीआय पुढे निघून जातं. इथंच आपला माणूस फसतो आणि मग दुकानदाराला शिव्या घालतो.

तुम्ही म्हणाल, चिप लहान केली असेल. चिप लहान झाली हे खरं, २२१ चौरस मिलिमीटरवरून १४८ वर आली. ट्रान्झिस्टर २५४ कोटींचे १८७ कोटी झाले. पण बनवण्याची प्रक्रिया दोन्हींची २८ नॅनोमीटरचीच. कारखान्यानं काही जादू केलेली नाही, फरक मांडणीत आहे.

ऊसतोडीची टोळी डोळ्यांसमोर आणा. केप्लरच्या एका गटात १९२ कोअर आणि काम वाटणारे चार मुकादम, पण मजूर सगळे सामाईक. प्रत्येक मुकादमाच्या वाट्याला एका वेळी ३२ जणांचं एक काम तर येतंच, म्हणजे चौघांचे मिळून १२८. उरलेल्या ६४ जणांना जुंपायचं, तर पहिल्याशी संबंध नसलेलं दुसरं काम त्याच वेळी हाताशी लागायला हवं. ते दर वेळी मिळत नाही, मग मजूर बसून राहतात. मॅक्सवेलमध्ये एका गटात १२८ कोअर ठेवले आणि चारही मुकादमांना प्रत्येकी ३२ मजूर कायमचे तोडून दिले. बसून राहणं कमी झालं. असा एक १२८ चा गट जुन्या १९२ च्या गटाच्या ९० टक्के काम करतो, असं एनव्हिडियाचंच म्हणणं होतं. ६५० टीआयमध्ये असे ४ गट, ७५० टीआयमध्ये ५. आता हिशेब तुम्हीच करा.

दुसरी गोष्ट एल-टू कॅशची, म्हणजे चिपमधल्याच छोट्या साठ्याची. जुन्यात २५६ केबी, नव्यात २ एमबी, आठपट. चिपला लागणारा डेटा जवळच सापडला, की बाहेरच्या मेमरीकडे खेपा कमी होतात. त्यामुळं बँडविड्थ तेवढीच असून जास्त पुरते. खोक्यावर हे कुणी छापत नाही.

यावरून कोअर मोजणंच सोडून द्या, असं मी म्हणत नाही. एकाच पिढीत मोजा. टीआय नसलेल्या साध्या ७५० ला ५१२ आणि ७५० टीआयला ६४०, तिथं तो आकडा खरं बोलतो. पिढी बदलली की दमानं घ्या. उलटंही आहे: केप्लरचंच जीटीएक्स ६६० घेतलं, तर ९६० कोअर, १९२ बिट बस आणि १४४ जीबी बँडविड्थच्या जोरावर ते ७५० टीआयच्या पुढे जातं. पण ते १४० वॉट खातं.

माझ्या मते आपल्याकडे वॉट हाच पहिला आकडा. ६५० टीआय ११० वॉटचं, ७५० टीआय ६० वॉटचं. पीसीआय एक्स्प्रेसच्या स्लॉटमधून, म्हणजे मदरबोर्डवर कार्ड बसतं त्या खाचेतून, ७५ वॉटच मिळतात, म्हणून ६५० टीआयला ६ पिनची वेगळी वायर लागते. ऑफिसच्या पीसीचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बघा, बऱ्याचदा २४० वॉटचा आणि ६ पिनचा पत्ताच नसतो. ७५० टीआय तिथं नुसत्या स्लॉटवर चालतं. काही कंपन्यांनी त्यालाही ६ पिन दिलेली आहे, तेव्हा घेताना कार्डाची कड बघून घ्या. आणि कॅबिनेट बारकं असेल, तर लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं, कार्ड मागा, नाहीतर झाकणच लागायचं नाही.

पूर्ण भारावर ५० वॉटचा फरक म्हणजे रोज ८ तासांना ०.४ युनिट, २५ दिवसांचे १०. बिलापेक्षा मला इन्व्हर्टरची आणि उन्हाळ्याची काळजी जास्त. मे महिन्यात खोलीच ४२ वर असते आणि कार्ड त्याच्या वरून मोजायला लागतं. थर्मल पेस्ट वाळलेली, पंख्यात धूळ अडकलेली, अशा वेळी ११० वॉटचं कार्ड आधी वेग कमी करतं आणि मग गिऱ्हाईक सॉफ्टवेअरला दोष देतं.

मिक्सिंगवाल्यांना एक सांगून ठेवा. मोबाइलवर एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीत काढलेल्या क्लिपा या दोन्ही कार्डांना नीट झेपत नाहीत. तेच मुख्य काम असेल, तर २०१६ चं १०५० टीआय शोधा: तेही ७५ वॉटचं, मेमरी ४ जीबी. ड्रायव्हरचंही, म्हणजे विंडोजला कार्ड चालवता येण्यासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरचंही, बघा. केप्लरचे नेहमीचे ड्रायव्हर २०२१ मध्ये ४७० मालिकेवर थांबले. मॅक्सवेलला ५८० पर्यंत साथ मिळाली. म्हणून ६५० टीआय मी पैसे देऊन घेणार नाही. कपाटात पडलेलं असेल तर जरूर लावा.

शेवटी खोट्या कार्डांबद्दल. केप्लरच्याही आधीच्या फर्मी पिढीच्या कार्डाचा बायोस (कार्डातच साठवलेला, त्याची ओळख सांगणारा प्रोग्रॅम) बदलून त्यावर नव्याचं नाव चढवतात. विंडोज बिचारं ते नाव खरं मानतं. जीपीयू-झेड या कार्ड तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती पेन ड्राइव्हवर ठेवा. ७५० टीआयला चिपचं नाव जीएम१०७ आणि शेडर (म्हणजे कोअरच) ६४० दिसले पाहिजेत. जीएफनं सुरू होणारं नाव दिसलं, तर पैसे खिशातच ठेवा. नाव बरोबर असलं तरी पंधरा-वीस मिनिटं भार टाकून बघा, आणि तेही कॅबिनेटचं झाकण लावून.