चाल आणि लक्ष

(दृश्य : नागपूरच्या सीताबर्डीचा दुपारचा रस्ता, तिथून जिना चढून पहिल्या मजल्यावरचे गेमिंग कॅफे.)

मे महिन्यातली दुपार आहे. उन्हामुळे बर्डीवरची वर्दळ ओसरली आहे आणि या लहानशा गेमिंग कॅफेत कूलरचा आवाज संगणकांच्या पंख्यांच्या आवाजात मिसळून गेला आहे. शेजारशेजारच्या दोन खुर्च्यांवर अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेले दोन मित्र बसले आहेत. एकाच्या पडद्यावर ‘एज ऑफ एम्पायर्स २’ सुरू आहे आणि त्याचा उजवा हात माउसवरून क्षणभरही उचलला जात नाही. दुसऱ्याच्या पडद्यावर ‘सिव्हिलायझेशन ६’ आहे. तो गेली पाच मिनिटे हाताची घडी घालून नकाशाकडे पाहतो आहे आणि एवढ्या वेळात त्याने एकही कळ दाबलेली नाही. या दोघांपैकी खरा डोक्याचा खेळ कोण खेळतो, यावरून त्यांच्यात तीन वर्षांपासून वाद आहे, आणि आजच्या निवेदनाचा विषय तोच वाद आहे.

आळीपाळीने चाल करण्याचा ‘टर्न-बेस्ड’ आणि न थांबता चालणारा ‘रिअल-टाइम’, हे रणनीतीच्या खेळांचे दोन्ही प्रकार जवळजवळ एकाच वेळी वाढले. सिड मायरचा पहिला ‘सिव्हिलायझेशन’ १९९१ मध्ये आला आणि त्यात दोन्ही बाजूंनी आळीपाळीने चाल करण्याची जुनी रीत कायम होती. पुढच्याच वर्षी वेस्टवुड स्टुडिओजच्या ‘ड्यून २’ने ती रीत मोडली, तिथे तुम्ही विचार करत बसलात म्हणून शत्रू थांबत नसे. ‘एज ऑफ एम्पायर्स’ (१९९७) आणि ‘स्टारक्राफ्ट’ (१९९८) या खेळांनी हा रिअल-टाइम प्रकार घरोघरी पोहोचवला. तेव्हापासून टर्न-बेस्ड खेळणारे दुसऱ्या बाजूला ‘बोटांची कसरत’ म्हणतात आणि रिअल-टाइम खेळणारे पहिल्या बाजूला ‘पेन्शनरांचा खेळ’ म्हणतात.

डोक्याच्या खेळात असते ती खोली म्हणजे काय, हे आधी ठरवून घेतले पाहिजे, कारण बहुतेक वाद तिथेच फसतो. नियमांची यादी लांब असणे म्हणजे खोली नव्हे. तशी यादी आयकराच्या अर्जालाही असते. पर्यायांची संख्या मोठी असणे हेही पुरेसे नाही. एखादा खेळ वर्षानुवर्षे खेळल्यानंतरही कालचा आपला निर्णय आज चुकीचा ठरू शकत असेल, आणि तो नेमका का चुकला हे शोधताना आपल्याला नवे काही कळत असेल, तर त्या खेळाला खोली आहे, असे आम्ही धरतो. या मोजपट्टीवर दोन्ही प्रकार उतरतात. फक्त चूक होण्याची जागा वेगळी असते.

(दृश्य : टाउन सेंटरचा, म्हणजे गावाच्या मुख्य इमारतीचा, जवळून शॉट, उत्पादनाची पट्टी भरत जाते.)

‘एज ऑफ एम्पायर्स २’मधला एक गावकरी घ्या. तो घडवायला ५० अन्न आणि खेळातली २५ सेकंदे लागतात. ऑनलाइन सामने बहुधा १.७ पट वेगाने खेळले जात असल्यामुळे भिंतीवरच्या घड्याळात ही वेळ १५ सेकंदांच्या आसपास भरते. टाउन सेंटरने एकामागून एक गावकरी देत राहावे, एवढीच सुरुवातीची अपेक्षा असते. ती ऐकायला सोपी आहे. मात्र त्याच वेळी एका गावकऱ्याने रानडुकराला बाण मारून त्याला स्वतःच्या मागे पळवत टाउन सेंटरपर्यंत आणायचे असते, जिथे बाकीचे गावकरी त्याला संपवतात. तुमची नजर दुसरीकडे गेली, तर डुक्कर शिकाऱ्यालाच मारते. त्याच वेळी घोड्यावरचा स्काउट नकाशाचा काळा भाग उघडत फिरत असतो, आणि त्याच वेळी नवे घर बांधायला घ्यावे लागते, कारण घरे कमी पडली की नवा गावकरी घडतच नाही. टाउन सेंटर ५० सेकंदे रिकामे राहिले, तर दोन गावकरी कमी पडतात. आणि ते दोघे पुढच्या वीस मिनिटांत जे लाकूड तोडणार होते, तेही कमी पडते. ही तूट कुठेही लाल अक्षरांत दिसत नाही. ती दिसते तेव्हा समोरून आलेल्या घोडेस्वारांपुढे आपले भालाईत चार-सहाने कमी पडलेले असतात.

येथे काय करायचे हे खेळाडूला माहीत असते. घोडदळासमोर भालाईत, तिरंदाजांसमोर स्कर्मिशर (फेकभाले वापरणारे हलके सैनिक), हे कोष्टक दोन आठवड्यांत पाठ होते. प्रश्न असतो तो आता, या सेकंदाला, कुठे पाहायचे हा. लक्ष हीच येथली सर्वांत दुर्मिळ संपत्ती आहे, सोन्याहून आणि दगडाहून दुर्मिळ, आणि ती साठवून ठेवता येत नाही. चांगला खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या लाकूडतोड्यांवर चार घोडेस्वार सोडतो, ते लाकूडतोडे मरावेत एवढ्याचसाठी नव्हे. प्रतिस्पर्ध्याने तिकडे पाहावे आणि तेवढ्या वेळात त्याच्या गावाचे दुसरे टोक विसरावे, यासाठीही.

ही बाब केवळ माणसाच्या दुबळेपणाची आहे, असे कोणी म्हणेल. त्यावर २०१९ सालचे एक उदाहरण आहे. डीपमाइंड कंपनीच्या ‘अल्फास्टार’ या प्रणालीने ‘स्टारक्राफ्ट २’मध्ये ‘मॅना’ या नावाने खेळणाऱ्या पोलंडच्या व्यावसायिक खेळाडूला आधी ५–० असे हरवले होते. त्या जानेवारीत झालेल्या थेट प्रक्षेपित डावात मात्र प्रणालीच्या नव्या आवृत्तीला माणसाप्रमाणे कॅमेरा हलवूनच नकाशा पाहावा लागत होता. मॅनाने हवेतून उडणाऱ्या वाहनातून दोन जड लढवय्ये शत्रूच्या तळात उतरवले, प्रतिकाराला सैन्य परतताच ते उचलले, आणि सैन्य पुढे निघताच पुन्हा उतरवले. अल्फास्टारची अख्खी फौज त्या एका वाहनापायी पुढे-मागे करत राहिली आणि तो डाव मॅनाने जिंकला. त्याच वर्षी ऑक्टोबरपर्यंत ती प्रणाली क्रमवारीतल्या ९९.८ टक्के खेळाडूंच्या वर गेली, तेही तिच्या हालचालींच्या वेगावर मर्यादा घातलेली असताना; म्हणजे वेग हा या खेळातला एकच निर्णायक गुण नव्हता. त्या प्रकल्पाच्या निमित्ताने असेही सांगितले गेले होते, की या खेळात प्रत्येक क्षणी सुमारे १ वर २६ शून्ये इतक्या कृती शक्य असतात. हा आकडा आम्हाला फारसा उपयोगाचा वाटत नाही. एका झाडाऐवजी त्याच्या शेजारच्या गवताच्या पात्यावर केलेले क्लिकसुद्धा त्यात वेगळे मोजले जाते.

(दृश्य : दुसऱ्या मित्राचा पडदा, षटकोनी घरांचा नकाशा, डोंगर आणि नदी.)

आता हाताची घडी घालून बसलेल्या मित्राकडे वळू. तो काहीच करत नाही, असे दिसत असले तरी त्याच्यापुढचा पेच खराखुरा आहे. ‘सिव्हिलायझेशन ६’मध्ये शहराच्या भोवती वेगवेगळे डिस्ट्रिक्ट, म्हणजे एकेका कामासाठीचे विभाग, बसवावे लागतात. विद्यापीठांचा कॅम्पस डोंगराला लागून असेल, तर लगतच्या प्रत्येक डोंगरामागे एक जादा विज्ञान मिळते. बाजारपेठ नदीकाठी बसवली, तर दोन जादा सोने मिळते. शहराची लोकसंख्या ४ होईपर्यंत असा दुसरा डिस्ट्रिक्ट घेता येत नाही, आणि एकदा उभा राहिलेला डिस्ट्रिक्ट पाडता येत नाही. त्याच्या शहराला लागून एकच जागा अशी आहे, की जिच्या एका अंगाला नदी आहे आणि तीन अंगांना डोंगर आहेत. तिथे आज जे बसेल, त्यावर शंभर टर्ननंतर त्याच्या सीमेवर बंदूकधारी असतील की धनुर्धारी, हे ठरायला सुरुवात होईल. येथे घाई कोणीच करत नाही. तरीही चूक होते, कारण दुर्मिळ असते ती चाल. ती एकच असते आणि एकदा केली की तिच्यासोबत राहावे लागते.

नागपूरकरांना हा प्रकार नवा नाही. रौनक साधवानी, संकल्प गुप्ता आणि दिव्या देशमुख असे ग्रँडमास्टर देणाऱ्या या शहरात, चाल करण्याआधी पोराने अर्धा तास गप्प बसणे हे घरच्यांना काळजीचे कारण वाटत नाही. बुद्धिबळाने या वादात एक मधला धागाही दिला आहे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे झालेल्या महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी यांच्यातले दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले, आणि निकाल लागला तो जलदगतीच्या टायब्रेकरमध्ये. पट तोच होता, ६४ घरे तीच होती, सोंगट्याही त्याच होत्या. कमी केला होता तो फक्त वेळ. तेवढ्याने आधी न झालेल्या चुका होऊ लागतात. तरीही घड्याळ लावलेले बुद्धिबळ रिअल-टाइम होत नाही, कारण तुमचा वेळ संपत असताना पटावरचे काहीही आपण होऊन हलत नाही.

टर्न-बेस्ड खेळांमध्ये आमच्या मते सर्वांत धीट प्रयोग २०१८ च्या ‘इन्टू द ब्रीच’ने केला. पट ८ बाय ८ चा, म्हणजे बुद्धिबळाएवढाच. तुमच्याकडे तीन यंत्रमानव. आणि शत्रू पुढच्या वेळी नेमका कुठे आणि कसा वार करणार, हे खेळ तुम्हाला आधीच दाखवतो. नेम चुकण्याची शक्यता नाही, अंधार नाही, घाई नाही. सगळे समोर असूनही वाट सापडत नाही, आणि शत्रूला मारण्याऐवजी त्याला एक घर ढकलून त्याचा वार त्याच्याच साथीदारावर पाडावा, हे वीस मिनिटांनी सुचते. याउलट ‘एक्सकॉम’मध्ये हाताशी आलेल्या शत्रूवरचा नेम चुकतो तेव्हा होणारा संताप आम्ही भोगलेला आहे, आणि जुना सेव्ह उघडण्याचा मोह आम्हाला प्रत्येक वेळी आवरलेला नाही.

दोन्हींच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. ‘सिव्हिलायझेशन’चा सर्वसाधारण वेगाचा डाव ५०० टर्नांपर्यंत जाऊ शकतो, आणि त्यातल्या शेवटच्या दीडशे टर्नांमध्ये निर्णय फार थोडे आणि कारकुनी फार असते. रिअल-टाइम खेळांत पहिली आठ-दहा मिनिटे पाठ केलेल्या क्रमाने खेळली जातात, आणि अनेक नवखे खेळाडू त्या पाठांतरालाच खेळ समजून कंटाळतात. संगणकाविरुद्ध खेळताना तर तुलनाच बिघडते : ‘सिव्हिलायझेशन ६’च्या सर्वांत कठीण पातळीवर संगणक आपल्या एका वसाहतकर्त्यापुढे स्वतः तीन घेऊन सुरुवात करतो, कारण तेवढी सवलत दिल्याशिवाय तो मुरलेल्या खेळाडूसमोर टिकत नाही. एकटे खेळायचे असेल, तर आमचा कौल टर्न-बेस्डला आहे, कारण पटावरचा पेच हाच तिथला प्रतिस्पर्धी होऊ शकतो. समोर बरोबरीचा माणूस बसलेला असेल, तर मात्र कौल बदलतो. आपण काय पाहत नाही आहोत हे ओळखून तिथेच वार करणारा माणूस रिअल-टाइम खेळाला जी खोली देतो, ती दुसरीकडे क्वचित मिळते.

(दृश्य : खालून दिसणारी सीताबर्डीची टेकडी आणि किल्ल्याची तटबंदी.)

या कॅफेपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर सीताबर्डीच्या दोन टेकड्या आहेत. नोव्हेंबर १८१७ मध्ये नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेसमोर ईस्ट इंडिया कंपनीच्या तुकड्यांनी या दोन्ही टेकड्या आधीच धरल्या होत्या; तो निर्णय लढाईला तोंड फुटण्याआधी झालेला होता. २७ तारखेच्या सकाळी लहान टेकडी कंपनीच्या हातून गेली, आणि त्यानंतर कॅप्टन फिट्झगेराल्डच्या घोडदळाने पायथ्याशी घातलेली मुसंडी हा निर्णय कोणाच्याही नकाशावर नव्हता. एकाच लढाईत दोन्ही प्रकारचे निर्णय होते, आणि ‘टोटल वॉर’ ही खेळमालिका २००० सालापासून नेमकी हीच विभागणी वापरते : प्रांत, कर आणि फौजेची कूच आळीपाळीने, प्रत्यक्ष लढाई चालत्या घड्याळावर.

(दृश्य : पुन्हा कॅफे. संध्याकाळ झाली आहे.)

‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळणारा मित्र डाव हरला आहे. तो आता त्या डावाचे रेकॉर्डिंग उघडून दोन्ही बाजूंचा नकाशा पाहतो आहे. अकराव्या मिनिटाला त्याची फौज प्रतिस्पर्ध्याच्या कुंपणाशी झुंजत असताना, त्याच्या स्वतःच्या गावामागे, तोडून संपलेल्या झाडांपाशी एक गावकरी कुऱ्हाड खाली घेऊन उभा दिसतो. रेकॉर्डिंग पुढे सरकते. पंधराव्या मिनिटालाही तो तिथेच उभा असतो. त्याच्या दुसऱ्या मित्राने अखेर कॅम्पस डोंगरांपाशी बसवून टर्न संपवला आहे आणि तो खुर्ची सरकवून या पडद्यावर वाकतो. बोट त्या गावकऱ्यावर ठेवून तो विचारतो, “अबे, हा इथं काय करून राहिला?”